सिद्धगडाखालची धान्यकोठी

आहुप्याच्या कड्यावर हिवाळ्यात सकाळी उभे राहिले की पायाखाली कोकण पसरलेले दिसते. उजव्या हाताला गोरखगड आणि मच्छिंद्रगडाचे सुळके, डावीकडे सिद्धगडाचा माथा आणि त्याच्या कमरेशी असलेली माची. पाठीमागे पाऊस पडला तर पाणी घोड नदीतून भीमेला आणि पुढे पार बंगालच्या उपसागराला जाते. चार पावले पुढे पडला तर तेच पाणी कल्याणच्या खाडीची वाट धरते. आंबेगाव तालुक्याची हद्द या कड्यावर संपते. खाली मुरबाड, त्यापलीकडे कर्जत आणि क्षितिजाच्या बाजूला माथेरान.

या कड्याखालच्या जंगलात २ जानेवारी १९४३ च्या पहाटे पोलिसांनी एका तरुण वकिलाला गोळ्या घातल्या. वय ३० वर्षे, १ महिना. नाव विठ्ठल लक्ष्मण कोतवाल. लोक त्यांना भाई म्हणत.

भाई कोतवालांचे नाव शाळेच्या पुस्तकातून, चौकांच्या पाट्यांवरून आणि २०२० साली आलेल्या मराठी चित्रपटातून बहुतेकांना ठाऊक आहे. विजेचे मनोरे पाडणारा क्रांतिकारक, फितुरी, सिद्धगड, गोळी अशी ती चार ओळींची गोष्ट असते. गोष्ट खरीच आहे. पण या चार ओळींत भाईंच्या आयुष्याचे शेवटचे पाच महिनेच येतात. आधीची वर्षे गळून पडतात आणि युद्धकाळात या डोंगराच्या दोन्ही बाजूंना माणसे काय खात होती, काय विकत होती, कशासाठी रांगा लावत होती, तेही गळून पडते. ते समजून घेतल्याशिवाय एका नाभिकाच्या मुलामागे पन्नासेक शेतकरी आणि शिक्षक जंगलात का शिरले, हे कळत नाही.

भाईंचा जन्म १ डिसेंबर १९१२ चा, माथेरानचा. साहेबांनी आणि मुंबईच्या शेटजींनी हवा खायला वसवलेले हे गाव. त्याच्या पाच वर्षे आधी, १९०७ साली, नेरळहून डोंगर चढणारी छोटी गाडी सुरू झाली होती. गावात दोन प्रकारची माणसे, हवा खायला आलेली आणि त्यांची सोय बघणारी. कोतवालांचे घर दुसऱ्या प्रकारातले, गरीब नाभिकाचे. पाहुण्यांची दाढी करायची, हंगाम संपला की पावसाळाभर हात बांधून बसायचे. अशा घरातला मुलगा शिकत शिकत पुढे गेला आणि १९४१ मध्ये वकील झाला. त्या काळी हे किती अवघड होते ते सांगायला नको. वकिली झाल्यावर माणूस मुंबईला जाऊन ऑफिस थाटतो. भाई माथेरान आणि कर्जत सोडून गेले नाहीत. काँग्रेसमध्ये आले, माथेरान नगरपालिकेचे उपाध्यक्ष झाले. आपल्या बापाने ज्यांच्या दाढ्या केल्या त्यांच्या बंगल्यांच्या गावाचा कारभार त्या मुलाच्या हाती आला, ही गोष्ट मला मनोऱ्यांइतकीच मोठी वाटते.

पण त्यांचे खरे काम डोंगराखाली होते. कर्जत तालुक्यातल्या वाड्यापाड्यांवर त्यांनी स्वयंसेवी शाळा काढल्या. आणि धान्यकोठ्या सुरू केल्या.

धान्यकोठी म्हणजे काय, ते आज शहरात वाढलेल्या वाचकाला समजावून सांगावे लागेल. भाताच्या मुलखात वर्षाचे दोन तुकडे असतात. दिवाळीपासून होळीपर्यंत कणगीत काही ना काही असते. आषाढ-श्रावणात, नेमके लावणीचे कष्टाचे दिवस असतात तेव्हा, कणगी रिकामी होते. मग सावकाराच्या दारात खावटीला जायचे. त्याच्याकडून मणभर भात आणले की सुगीला दीड मण घालायचे, कुठे कुठे दोन मण. सुगीचे भात असे खळ्यावरूनच सावकाराकडे गेले की पुढचा आषाढ आदल्यापेक्षा लवकर येतो. दोन-चार वर्षांत भाताबरोबर खाचरही जाते. भाईंनी यावर शोधलेला उपाय साधा होता. सुगीला गावाने मिळून धान्य एका ठिकाणी साठवायचे, अडीनडीच्या महिन्यांत गरजवंताने तिथून उचलायचे आणि पीक आल्यावर थोड्याशा वाढीने परत करायचे. ती वाढ गावाच्याच कोठीत राहते. यात अर्थशास्त्राचे अवघड काही नाही. लागतो तो विश्वास आणि हिशेब लिहिता येणारा एखादा माणूस. तो माणूस शाळेतून मिळत होता. शाळा आणि कोठी ही एकाच कामाची दोन टोके होती, आणि पुढे आझाद दस्त्यात शेतकऱ्यांबरोबर या शाळांचे मास्तर दिसतात ते यामुळेच.

इथे आहुप्याच्या बाजूची एक जुनी आठवण काढायला हवी. याच आंबेगाव तालुक्यातल्या जांभोरीचा होन्या केंगले १८७३ च्या सुमारास सावकारांविरुद्ध उठला होता. कर्जाचे कागद हिसकावणे, सावकारांची नाके कापणे असा त्याचा खाक्या. १८७६ मध्ये तो पकडला गेला. त्याच्याही आधी राघोजी भांगरे याच डोंगरांतून लढला आणि २ मे १८४८ ला ठाण्याच्या तुरुंगात फाशी गेला. महादेव कोळ्यांच्या या मुलखात सावकाराशी भांडण नवीन नव्हते. होन्याच्या हाती विळा होता. सत्तर वर्षांनी घाटाखालच्या वकिलाने त्याच दुखण्यावर वही आणि कणगी आणली. वहीने हे दुखणे बरे झाले असते का, कोण जाणे. वेळच मिळाला नाही, कारण मध्ये युद्ध आले.

युद्ध इथून फार लांब होते, पण रोजच्या पानात ते फार लवकर उतरले. मार्च १९४२ मध्ये रंगून पडले आणि ब्रह्मदेशचा तांदूळ बंद झाला. मुंबई आणि कोकणपट्टी या तांदळावर किती विसंबून होती ते तो थांबल्यावर कळले. रॉकेलही तिकडूनच येत होते. आधीच मिणमिणती असलेली चिमणी आता संध्याकाळी लवकर विझू लागली. जत्रेतल्या गॅसबत्त्याही महाग झाल्या. नारायणगावच्या भाऊ-बापूंच्या फडासारखे तमाशाचे फड ज्या जत्रांवर जगत त्या जत्रांनाही ही झळ लागणारच होती. शहरात ब्लॅकआउट, खिडक्यांना काळे कागद. जपानी बाँब पडणार या भीतीने १९४२ च्या सुरुवातीला मुंबईतून माणसे गावाकडे पळाली. सुटे पैसे बाजारातून नाहीसे झाले, तांबे वाचवण्यासाठी १९४३ मध्ये मधे भोक असलेला पैसा आला. सिनेमाची फिल्म अपुरी पडली म्हणून सरकारने चित्रपटाच्या लांबीला ११ हजार फुटांची मर्यादा घातली. लोक मात्र थिएटरात गर्दी करत होते. लढाईच्या कंत्राटांचा पैसा शहरात खेळत होता आणि अशोककुमारचा किस्मत १९४३ मध्ये आला तो हलेचना.

अमेरिकेतही तेव्हा रेशनिंग होते. साखर मे १९४२ पासून, कॉफी नोव्हेंबरपासून, आणि १ डिसेंबरला, भाईंना तीस वर्षे पूर्ण झाली त्याच दिवशी, देशभर पेट्रोलचे रेशनिंग सुरू झाले. भाई सिद्धगडाच्या रानात गेले त्या सुमारास न्यूयॉर्कात कासाब्लांका झळकला होता, आणि भाई गेल्यावर दोन आठवड्यांनी तिथल्या सरकारने पावाच्या कापलेल्या लाद्या विकायला बंदी घातली, त्यावर गृहिणींनी एवढा गहजब केला की मार्चमध्ये ती उठवावी लागली. तिथेही मुले सैन्यात गेली होती, घरोघर काळजी होती. पण तिथल्या माणसाला हे युद्ध आपले आहे हे विचारून, समजावून सांगितले गेले होते. इथे ३ सप्टेंबर १९३९ ला व्हाइसरॉयने कोणालाही न विचारता हिंदुस्थान युद्धात असल्याचे जाहीर केले. कर्जतच्या ठाकराला आपल्या कणगीतले भात आफ्रिकेतल्या कोणत्या लढाईसाठी महागले, हे सांगायला कोणी आले नव्हते.

८ ऑगस्ट १९४२ ला गवालिया टँकवर ठराव झाला, दुसऱ्या दिवशी पहाटे पुढारी पकडले गेले. भाई भूमिगत झाले आणि त्यांनी आझाद दस्ता उभारला. मणिवलीचे हिराजी पाटील त्यांचे उजवे हात. दस्त्याने लक्ष्य निवडले ते विजेचे मनोरे. निवड विचारपूर्वक होती. भिवपुरीचे टाटांचे वीजघर १९२२ पासून कर्जत तालुक्यातच चालू होते. घाटमाथ्यावरचे पाणी खाली सोडून तयार झालेली वीज तारांवरून थेट मुंबईला जायची, गिरण्यांना आणि आगगाड्यांना. तारा ज्यांच्या खाचरांवरून जात त्यांच्या घरात मात्र चिमणी. सप्टेंबर ते नोव्हेंबर १९४२ या तीन महिन्यांत दस्त्याने असे ११ मनोरे पाडले. कारखाने आणि रेल्वे खोळंबली. युद्धाचा माल काढणाऱ्या गिरण्या थांबणे सरकारला परवडणारे नव्हते.

हे बरोबर होते का? हा प्रश्न आपल्याकडे हुतात्म्यांच्या बाबतीत विचारायची पद्धत नाही, पण तो तेव्हाही विचारला गेला होता. कम्युनिस्टांवरची बंदी जुलै १९४२ मध्ये उठली होती. त्यांच्या मते हे युद्ध हिटलर आणि जपानविरुद्धचे लोकयुद्ध होते आणि उत्पादन बंद पाडणे म्हणजे फॅसिझमला मदत. तो मुद्दा हसण्यावारी नेण्याजोगा नाही. शिवाय गिरणी थांबली की खाडा मजुराचा. आणि मजूर कोण? जुन्नर-आंबेगावची किती घरे मुंबईच्या गिरण्यांवर आणि गोदीवर चालत होती. परदेशी मालाच्या ट्रकखाली १२ डिसेंबर १९३० ला गेलेला बाबू गेनू आंबेगाव तालुक्यातल्या म्हाळुंगे पडवळचा, आणि गिरणी कामगारच. आहुप्याचा घाट उतरून मुरबाड-कल्याणमार्गे मुंबई गाठणाऱ्या माणसाच्या साच्याची वीज घाटाखालच्या माणसानेच तोडली, असे हे प्रकरण गुंतागुंतीचे होते. माझ्यापुरते सांगायचे तर, तुरुंगात सगळे पुढारी, वर्तमानपत्रांवर सेन्सॉर आणि धान्य डोळ्यांदेखत महागत असताना त्या माणसांपुढे निषेधाचे दुसरे कोणते साधन उरले होते, ते मला दिसत नाही. लोकांना मारण्याऐवजी दस्त्याने लोखंड पाडायचे ठरवले, हेही विसरू नये.

सरकारने हॉल आणि स्टॅफर्ड या दोन पोलिस अधिकाऱ्यांना दस्ता मोडायला नेमले. भाईंवर २,५०० रुपयांचे बक्षीस लागले. बक्षिसाच्या या आकड्याकडे दिढी-दुपटीच्या मुलखातल्या माणसाच्या नजरेने पाहायला हवे. एवढ्या पैशात कर्जाची पिढीजात वही फाडून टाकता आली असती. तरीही गरिबांच्या पाड्यांवरून बातमी फुटली नाही. सांगतात ते असे, की भाईंनी माणसाबरोबर पाठवलेली चिठ्ठी मुरबाडकडच्या एका जमीनदाराच्या हाती लागली आणि त्याने ती पोलिसांना दिली. कोठ्यांनी ज्यांचा धंदा बुडत होता त्याच वर्गातून ठावठिकाणा कळला, याचे आश्चर्य वाटू नये.

दस्ता तेव्हा सिद्धगडाच्या जंगलात होता. मुंबईपासून साठेक मैल, पण हे मैल नकाशावरचे. वर कडा, खाली ओढे, कारवीचे रान. २ जानेवारीला पोलिसांनी वेढा घालून गोळीबार केला. हिराजी पाटील ठार झाले. भाई जखमी होऊन पडले. जखमी कैद्याला उचलून नेता आले असते. हॉलने त्यांना जागेवरच गोळी घातली.

चार महिन्यांनी, मे १९४३ मध्ये, मुंबईत धान्याचे रेशनिंग सुरू झाले. माणशी मोजून धान्य, कार्डावर नोंद, दुकानापुढे रांग. त्याच वर्षी बंगालमध्ये लाखो माणसे भुकेने मेली. मनोरे पुन्हा उभे राहिले होतेच. कोठ्या चालवणारी माणसे मात्र काही मेली होती, काही तुरुंगात होती.

सिद्धगडाच्या पायथ्याशी भाई आणि हिराजींचे स्मारक आहे. दरवर्षी २ जानेवारीला तिथे माणसे जमतात. गोळीबार पहाटेचा म्हणून तीही पहाटेच येतात, कर्जत-मुरबाडच्या गावांतून, कानाला मफलर गुंडाळून. वर आहुप्याच्या कड्यावर त्या वेळी उजाडू लागलेले असते. खाली, स्मारकापाशी, डोंगराच्या सावलीमुळे ऊन यायला अजून बराच वेळ असतो.