ही बाई कोणाच्या घरची?

मागच्या श्रावणातली गोष्ट. जुळे सोलापुरात आमच्या घराच्या पुढच्या खोलीत माझं डिझाइनचं काम चालतं. काम म्हणजे लग्नपत्रिका, बारशाची कार्डं, वाढदिवसाचे फ्लेक्स आणि अलीकडे पाकिटांवरची लेबलं. एक कॉम्प्युटर, एक प्रिंटर, आणि पाणी यायच्या दिवशी सगळं बंद, कारण त्या दिवशी मी ग्राफिक डिझायनर नसते, नुसती बादल्या भरणारी बाई असते!

तर एका बचत गटाच्या मावशी आल्या. शेंगाचटणी आणि कडक भाकरीची पाकिटं विकायची होती, त्यावर लेबल हवं होतं. मी नेहमीसारखं केलं. इंटरनेटवरून एक तयार चित्र उचललं. हसरी बाई, नऊवारी, नथ, हातात परडी. मागे पिवळा रंग, खाली ठळक अक्षरं. अर्ध्या तासात लेबल तयार. मावशींनी चष्मा लावून बराच वेळ ते पाहिलं आणि शांतपणे विचारलं, की ही बाई कोणाच्या घरची? हिचे हात बघ म्हणाल्या, हिने जन्मात भाकरी थापलेली नाही.

आम्ही दोघी हसलो. पण त्या गेल्यावर मला ते लागलं. कारण खरं सांगायचं तर वर्षभर माझं डोकं कोरडंच पडलं होतं. प्रत्येक पत्रिकेवर तोच गणपती, तेच मोरपीस. गिऱ्हाइकं आता मोबाइलवर स्वतःच चित्र बनवून आणतात आणि फक्त नाव टाकून द्या म्हणतात. हे बंद करून मुलांच्या शिकवण्या घ्याव्यात, असं माझ्या मनात येत होतं. घरात कोणाला बोलले नव्हते.

त्याच आठवड्यात शुक्रवारी सासूबाईंनी जिवतीची पूजा केली आणि कहाणी वाचली. भावाच्या पंगतीत अपमान झालेल्या गरीब बहिणीची गोष्ट. ती पुढे श्रीमंत होते आणि जेवायला बोलावल्यावर दागिन्यांवर एकेक घास ठेवते, कारण मान तिचा नव्हताच, दागिन्यांचा होता. लेक शेजारी बसून ऐकत होती. तिने सहज शोधलं आणि ओरडली, की आई, ही तर इंग्रजीत पण आहे. सी. ए. किंकेड नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने आपल्या व्रतांच्या कहाण्या इंग्रजीत लिहून १९१४ साली पुस्तक काढलं होतं, ‘डेक्कन नर्सरी टेल्स’. साहेबाला आपल्या कहाण्यांचं कौतुक, हे वाचून सासूबाई खूश. माझी नजर मात्र चित्रांवर खिळली. त्यातल्या बायका आपल्या होत्या. पदर, निऱ्या, अंबाडा, जमिनीवर बसण्याची ढब, सगळं ओळखीचं. चित्रकाराचं नाव होतं एम. व्ही. धुरंधर.

नाव ऐकलेलं होतं, पण माणूस माहीत नव्हता. मग मी मिळेल ते वाचत गेले, आणि त्या दोन महिन्यांत जे कळलं ते तुम्हाला सांगावंसं वाटतंय.

महादेव विश्वनाथ धुरंधर यांचा जन्म १८ मार्च १८६७ चा, कोल्हापूरचा. चित्रकलेच्या ओढीने ते मुंबईला गेले आणि १८९० साली जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये दाखल झाले. तेव्हा तिथे प्रमुख होते जॉन ग्रिफिथ्स, अजिंठ्याच्या चित्रांच्या नकला करून घेणारे. शिकवण्याची पद्धत पूर्ण विलायती. ग्रीक पुतळ्यांचे प्लास्टरचे साचे समोर ठेवायचे आणि दिवसचे दिवस तेच काढत बसायचं. नाक, कान, पाऊल, आणि अंगावरच्या वस्त्राची एकेक चुणी. कोल्हापूरच्या मुलाला या गोऱ्या दगडी देवांचं काय? पण धुरंधरांनी ते नेटाने केलं, आणि मग जे केलं ते मला फार हुशारीचं वाटतं. पुतळ्याच्या वस्त्राची चुणी काढायला शिकलेला हात त्यांनी आपल्या बायकांच्या नऊवारीकडे वळवला. कासोटा कुठे ताणतो, बसल्यावर ओचा कसा फुगतो, ओलं लुगडं पोटरीला कसं चिकटतं, हे त्यांच्या आधी इतक्या बारकाईने कोणी काढलं असेल असं मला नाही वाटत.

१८९५ साली त्यांना बॉम्बे आर्ट सोसायटीचं सुवर्णपदक मिळालं. कोणत्या चित्रासाठी? लढाई नाही, राजा नाही. लक्ष्मी, आलीस का, अशा अर्थाचं नाव असलेलं घरगुती चित्र. मैत्रिणींनो, त्या काळात बक्षिसाच्या चित्रात आपलं घर येणं ही लहान गोष्ट नव्हती.

पुढच्याच वर्षी ते जे. जे. मध्ये शिक्षक झाले. सगळं मार्गी लागतंय असं वाटत असतानाच मुंबईत प्लेग आला. लोक घरं सोडून पळत होते. त्या साथीत त्यांची पहिली पत्नी बापूबाई गेली. उणंपुरं तिशीचं वय. पुढे त्यांनी गंगूबाईंशी लग्न केलं, संसार पुन्हा उभा राहिला. मी त्यांचं काम पाहताना या वर्षांपाशी नेहमी थांबते. कारण त्यानंतर त्यांचा हात आटला नाही, उलट कामाचा पूर आला. आपल्याकडे म्हणतात की मन थाऱ्यावर असलं तरच काही सुचतं. मीही तेच म्हणत होते, वर्षभर.

आणि कामं तरी कसली कसली! आजच्या भाषेत बोलायचं तर हा माणूस मोठा चित्रकार होता तसा पक्का ग्राफिक डिझायनरही होता. घरोघरी लागणारी पौराणिक चित्रं, पुस्तकांची चित्रं, पोस्टकार्डं. मुंबईच्या गल्ल्यांवर एस. एम. एडवर्ड्स या पोलीस कमिशनरने लिहिलेल्या ‘बायवेज ऑफ बॉम्बे’ या पुस्तकात त्यांची चित्रं आहेत. ऑटो रॉथफिल्ड यांच्या ‘विमेन ऑफ इंडिया’साठी त्यांनी देशभरातल्या निरनिराळ्या जातीजमातींच्या बायकांची रंगीत चित्रं काढली. नव्या दिल्लीतलं सचिवालय बांधलं तेव्हा तिथल्या भिंतींवर चित्रं काढायलाही जे. जे. च्या मंडळींमध्ये ते होते. भिंतीएवढं चित्र आणि तळहाताएवढं कार्ड, दोन्ही त्याच हाताने. ऑर्डरचं काम म्हणजे हलकं काम, असा तोरा त्यांनी बाळगलेला दिसत नाही.

पोस्टकार्डांची गंमत तर मला सगळ्यात आवडली. शंभराहून जास्त वर्षांपूर्वी, साधारण १९०३ च्या सुमाराला, त्यांची चित्रांची कार्डं छापून विकली जात. त्या काळी कार्डाच्या एका बाजूवर फक्त पत्ता लिहायचा असा टपालाचा नियम असे. मजकूर लिहायचा तो चित्राच्याच बाजूला! म्हणजे चित्र असं हवं की बघताक्षणी आवडलं पाहिजे आणि शिवाय लिहायला मोकळी जागाही उरली पाहिजे. आता मला सांगा, हे आमचंच काम नाही का? गिऱ्हाईक म्हणतं जागा मोकळी का सोडली, अजून एक गणपती टाका. मी पण टाकते. पण जुन्या कार्डांवर जागा सोडलेली असते, आणि त्या जागेत कोणीतरी कोणाला तरी खुशाली कळवलेली असते. मोकळी जागा दुसऱ्या माणसासाठी असते, हे मला वीस वर्षं काम करून कळलं नव्हतं.

त्यांचं सगळंच मला पटतं असं मात्र नाही हं. याच कार्डांमध्ये एक आहे नखरेल मोलकरणीचं. साहेबलोकांना आवडावं म्हणून काढलेलं असणार. घरकाम करून कंबर मोडलेल्या बाईला कसला आलाय नखरा? ते कार्ड पाहून मी चिडलेच. त्यांच्या बऱ्याच बायका गोऱ्या, भरल्या घरच्या, दागिन्यांनी मढलेल्या आहेत. पुढच्या पिढीतल्या चित्रकारांनी त्यांना जुन्या वळणाचे, साहेबी शिस्तीचे म्हणून बाजूला सारलं, त्यालाही काही कारण होतंच. तरीसुद्धा, एवढ्या सगळ्या बायकांकडे एवढं नीट बघायला कोणाला वेळ होता तेव्हा?

कारण खरी गोष्ट बघण्याचीच आहे. त्यांच्या मागे जे राहिलं त्यात स्केचबुकं आहेत. चालताना, बसताना, ओझं उचलताना दिसलेली माणसं पटापट टिपलेली. मोठ्या चित्रातली बाई आकाशातून पडत नाही, ती आधी या कागदांवर येऊन गेलेली असते. ज्याची पोतडी अशी भरलेली, त्याला ऑर्डर आल्यावर काय काढू हा प्रश्न पडत नसणार. मी मात्र ऑर्डर आली की रिकाम्या पोतडीत हात घालत होते, आणि वर सुचत नाही म्हणून रडत होते.

जे. जे. मध्ये त्यांनी ४१ वर्षं काढली. विद्यार्थी म्हणून गेले आणि शेवटी, १९३० च्या सुमाराला, त्याच संस्थेच्या संचालकपदी बसले. त्या खुर्चीत बसलेले ते पहिले भारतीय. निवृत्तीनंतर ‘कलामंदिरातील एकेचाळीस वर्षे’ हे आत्मचरित्र लिहिलं. १ जून १९४४ ला ते गेले.

एक गोष्ट राहिलीच. त्यांची मुलगी अंबिका, जन्म १९१२ चा, तीही चित्रकार झाली. जे. जे. मध्ये शिकून पदविका घेणाऱ्या पहिल्या काही मराठी मुलींपैकी ती एक. मुलींना जेमतेम शाळा दाखवायच्या काळात बापाने लेकीच्या हातात ब्रश दिला. बायकांची चित्रं काढणारे पुष्कळ होते, पण चित्र काढणारी बाई घरात तयार करणारा विरळा. अंबिकाबाईंनी वडिलांचं काम जन्मभर जपलं, आणि २०१८ साली मुंबईच्या राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयात धुरंधरांचं मोठं प्रदर्शन भरलं. मी तेव्हा बहुतेक इथे कोणाच्या तरी वाढदिवसाचा फ्लेक्स करत असेन.

तर मावशींचं लेबल. मी त्यांना फोन केला आणि म्हटलं, तुम्ही भाकऱ्या करता तिथे येऊ का? विजापूर रोडच्या पलीकडे एका घराच्या मागच्या पत्र्याच्या शेडमध्ये त्यांचा गट बसतो. लेकीची चित्रकलेची वही आणि एक पेन्सिल घेऊन गेले. कित्येक वर्षांनी कागदावर काढत होते, माऊस नव्हता हातात. हात थरथरला. पहिली चार पानं तर कोणाला दाखवण्यासारखी नाहीत. बायका आधी लाजल्या, मग विसरल्या मी तिथे आहे ते. थापताना भाकरी फिरते ती बोटांनी नाही, तळहाताच्या कडेने. पातळ करायची तर वजन खांद्यातून येतं. मावशींच्या उजव्या मनगटावर भाजल्याचे तीन आडवे डाग आहेत, बांगड्यांसारखे. इतके दिवस त्या माझ्यासमोर बसत होत्या, मला दिसले नव्हते.

मी नुसते हात काढले. परातीवर टेकलेले दोन हात, खाली अर्धी भाकरी, डाग ठेवले. चेहरा नाही. एक बाजू मोकळी सोडली. स्कॅन करून कोरलड्रॉमध्ये घेतलं, दोनच रंग वापरले, त्यामुळे छपाई पण स्वस्तात बसली.

मावशींनी पुन्हा चष्मा लावला. बराच वेळ पाहिलं. मग पदराखाली मनगट झाकत म्हणाल्या, की डाग तेवढे काढून टाक बाई, लोक काय म्हणतील. मी काढले नाहीत. दोन दिवस फोनवर आमची तणातणी चालली, शेवटी तीनातला एक ठेवायचा यावर तोड निघाली. पाचशे लेबलं छापून झालीत. वही मी लेकीला परत दिली नाही, तिला नवी आणून दिली.