फ्लो हायमन : कायद्यासाठी उभी राहिलेली व्हॉलीबॉलपटू

सरकारी पैसा घेणाऱ्या शिक्षणसंस्थांत मुलींशी भेदभाव करण्यास बंदी घालणारा कायदा अमेरिकेत १९७२ साली झाला. त्यामुळे महाविद्यालयांची मैदाने मुलींसाठी खुली होऊ लागली. फ्लो हायमन ही कृष्णवर्णीय खेळाडू त्याच काळात पुढे आली.

१९५४ साली लॉस एंजेलिसमध्ये जन्मलेल्या फ्लोचे वडील रेल्वेत सफाई कामगार होते. लहानपणी तिला स्वतःच्या उंचीचा संकोच वाटे. पुढे तीच सहा फूट पाच इंच उंची तिची ताकद ठरली. ह्यूस्टन विद्यापीठाची क्रीडा शिष्यवृत्ती मिळवणारी ती पहिली महिला. विद्यापीठाकडून खेळताना तीन वेळा तिची ऑल-अमेरिकन म्हणून निवड झाली. १९८० च्या मॉस्को ऑलिम्पिकवर अमेरिकेने बहिष्कार टाकल्याने तिची संधी हुकली. १९८४ साली मात्र तिच्या संघाने रौप्यपदक जिंकले.

त्याच वर्षी सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने तो कायदा दुबळा झाला. तो पुन्हा बळकट व्हावा म्हणून फ्लोने अमेरिकी संसदेपुढे साक्ष दिली.

२४ जानेवारी १९८६ रोजी जपानमध्ये सामना सुरू असतानाच ती कोसळली. मार्फन सिंड्रोम या आजाराचे निदानच झाले नव्हते. त्यामुळे महाधमनी फुटली. वय अवघे ३१. १९८८ साली राष्ट्राध्यक्षांचा नकार डावलून संसदेने कायद्याचे बळ परत आणले. ते पाहायला ती नव्हती.

शिष्यवृत्तीवर शिकणाऱ्या आपल्या मुलामुलींनी तिच्या पदकासोबत ती साक्षही लक्षात ठेवावी. पदक तिचे होते. साक्ष मागून येणाऱ्या मुलींसाठी होती.

जय भीम!