एका शिक्षकाची ३९ अंकी मूळ संख्या : एदुआर ल्युका



१७०१४११८३४६०४६९२३१७३१६८७३०३७१५८८४१०५७२७

ही संख्या मूळ आहे की संयुक्त, असं एखाद्या मुलाने विचारलं तर आपण काय कराल? २, ३, ५, ७ ने भाग देऊन पाहाल. पण या वाटेने गेलात तर जन्म पुरणार नाही! १८७६ साली, संगणक नसताना, ही संख्या मूळ असल्याचं दाखवलं ते एका शिक्षकाने.

एदुआर ल्युका यांचा जन्म ४ एप्रिल १८४२ रोजी फ्रान्समधील अमिएं शहरात झाला. पॅरिसच्या वेधशाळेत त्यांनी काम केलं, १८७०-७१ च्या युद्धात ते तोफखान्यात अधिकारी होते. नंतर मात्र त्यांनी माध्यमिक शाळेत गणित शिकवण्याचं काम धरलं, ते शेवटपर्यंत.

२ चा घात घेऊन त्यातून १ वजा केला की कधी मूळ संख्या मिळते, कधी नाही. १६४४ साली मर्सेन या धर्मगुरूंनी अशा घातांची यादी दिली होती. त्यात ६७ आणि १२७ होते. ल्युकांनी १२७ बरोबर ठरवला (वरची संख्या तीच), तर ६७ चुकीचा! गंमत म्हणजे ६७ च्या संख्येचा एकही अवयव त्यांना माहीत नव्हता. ते अवयव १९०३ साली फ्रँक कोल यांनी शोधले.

हे कसं जमलं? लेहमर यांनी १९३० साली सोपं केलेलं रूप वर्गात करून पाहा. २ चा ५ वा घात वजा १, म्हणजे ३१. सुरुवात ४ ने. दर वेळी वर्ग करा, २ वजा करा, ३१ ने भागून बाकी ठेवा.

- पहिलं पद ४
- दुसरं १४
- तिसरं १९४, बाकी ८
- चौथं ६२, बाकी ०

घात ५, म्हणून एक कमी, म्हणजे चौथं पद पाहायचं. ते शून्य, म्हणून ३१ मूळ! घात २ पेक्षा मोठी मूळ संख्या असेल तेव्हा ही कसोटी चालते. २०२४ मध्ये सापडलेल्या ४,१०,२४,३२० अंकी मूळ संख्येची खात्री करतानाही हीच कसोटी वापरली गेली.

मुलांच्या ओळखीचा 'हनोईचा मनोरा' हा खेळही ल्युकांचाच, १८८३ सालचा. ३ चकत्यांना कमीत कमी ७ चाली, ५ ला ३१. आणि १२७ चकत्या असत्या तर? वरचीच ३९ अंकी संख्या!

१८९१ साली एका मेजवानीत फुटलेल्या ताटलीचा तुकडा ल्युकांच्या गालाला लागला. जखम चिघळली आणि ४९ व्या वर्षी ते गेले. त्यांची संख्या मात्र १९५१ पर्यंत सर्वांत मोठी ज्ञात मूळ संख्या राहिली.

तेव्हा मुलांना भागाकार जरूर शिकवूया. पण भागाकार न करताही उत्तर मिळतं का, हा प्रश्नही त्यांना विचारू देऊया.