सर चंद्रशेखर वेंकट रामन

वर्ध्याहून आगगाडीनें नागपुरास जाणाऱ्या फार थोड्यांस ठाऊक असेल कीं, पुढें नोबेल पारितोषिक मिळविणारे एक गृहस्थ त्या शहरांत १९१० च्या सुमारास सरकारी हिशेब तपाशीत होते. ते म्हणजे चंद्रशेखर वेंकट रामन.

त्यांचा जन्म ७ नोव्हेंबर १८८८ रोजीं त्रिचनापल्ली येथें झाला. मद्रासच्या प्रेसिडेन्सी कॉलेजांतून १९०७ सालीं ते एम्. ए. झाले, हिशेबखात्याच्या परीक्षेंत पहिले आले आणि अवघे अठरा वर्षांचे असतांना कलकत्त्यास मोठ्या हुद्द्यावर रुजू झाले. पुष्कळ पालकांच्या अपेक्षा येथेंच पुऱ्या होतात! रामन मात्र कचेरीपूर्वीं व कचेरीनंतर, डॉ. महेंद्रलाल सरकार यांनीं १८७६ सालीं स्थापिलेल्या विज्ञानसंस्थेंत प्रयोग करूं लागले. रंगून व नागपूर येथील बदल्यांनंतर १९११ सालीं ते तेथेंच परतले. १९१७ सालीं कलकत्ता विद्यापीठांत पदार्थविज्ञान शिकविण्यासाठीं त्यांनीं ती नोकरी सोडली. पगार जवळजवळ निम्म्यावर आला. असा निर्णय आपल्या घरीं कितपत मानवला असता, हें आमच्या पालकवाचकांनीं मनाशींच पाहावें.

१९२१ सालीं विलायतेच्या प्रवासांत भूमध्य समुद्राची निळाई त्यांनीं पाहिली. ती केवळ आकाशाचें प्रतिबिंब नसून पाण्याचे रेणूच प्रकाश विखुरतात, असें त्यांनीं दाखविलें, व परततांना मुंबई बंदरांतूनच तें टिपण ‘नेचर’ नियतकालिकाकडे धाडलें.

पुढील प्रयोग आमच्या विद्यार्थ्यांनीं नीट समजून घेण्याजोगा आहे. सूर्यप्रकाशाचा झोत निळ्या-जांभळ्या कांचेंतून गाळून शुद्ध द्रवांत सोडावयाचा, आणि बाजूस विखुरलेला प्रकाश पिवळसर हिरव्या कांचेंतून पाहावयाचा. पहिल्या कांचेंतून आलेला रंग दुसरी कांच अडविते. तेव्हां कांहींच दिसूं नये. तरी अंधुक उजेड दिसे! म्हणजे द्रवांत थोड्याशा प्रकाशाचा रंगच पालटत होता. कंप पावणाऱ्या रेणूंस तो आपल्या ऊर्जेचा ठराविक अंश देत होता, क्वचित् त्यांच्याकडून घेतही होता. ऊर्जेची देवघेव ठराविक पुंजांनींच होते, या पुंजवादास त्यानें बळकटी आली. शिष्य के. एस्. कृष्णन् यांचें यांत मोठें साहाय्य होतें. २८ फेब्रुवारी १९२८ रोजीं पाऱ्याच्या दिव्याच्या प्रकाशांत वर्णपटदर्शकानें नव्या रेषा स्पष्ट दिसल्या. उपकरणें अगदीं साधीं होतीं. प्रत्येक पदार्थाच्या या रेषा निराळ्या असल्यानें अनोळखी पदार्थ ओळखण्यास रसायनशास्त्रज्ञ आजही त्यांचा उपयोग करितात.

१९३० सालीं नोबेल पारितोषिक मिळालें. १९३३ पासून रामन बंगळुरास राहिले. सेवाग्राममुळें गांधीजयंती आपल्या जिल्ह्यास घरचीच. त्या दिवशीं रामन आपल्या बंगळूरच्या संशोधनसंस्थेंत व्याख्यान देत असत. २ ऑक्टोबर १९७० चें व्याख्यान, कानास ऐकूं कसें येतें या विषयावरचें, शेवटचें ठरलें. २१ नोव्हेंबर रोजीं ते वारले.