पिटातल्या प्रेक्षकांचे भगवानदादा

चित्रपटाचे वेड कित्येकांना लागते. बहुतेकांच्या बाबतीत ते वहीत चिकटवलेल्या छायाचित्रांवर आणि पाठ असलेल्या गाण्यांवर थांबते. भगवान आभाजी पालव या गिरणी कामगाराच्या मुलाच्या बाबतीत ते तिथे थांबले नाही. त्या वेडापायी त्याने स्वतःचा स्टुडिओ उभारला, बंगला आणि मोटारी कमावल्या. नंतर त्याच वेडापायी हे सारे घालवून तो पुन्हा दादरच्या चाळीत राहायला आला. मास्टर भगवान किंवा भगवानदादा या नावाने देशभर ओळखल्या गेलेल्या या कलावंताचे ४ फेब्रुवारी २००२ रोजी निधन झाले, तेव्हा नव्या पिढीला त्यांचे नाव फारसे ठाऊक नव्हते. त्यांची नाचण्याची लकब मात्र प्रत्येक वरातीत जिवंत होती.

त्यांचा जन्म १ ऑगस्ट १९१३चा. वडील कापड गिरणीत कामाला. घरची परिस्थिती अशी, की शिक्षण पुरते होण्याआधीच मजुरी पत्करावी लागली. मुंबईच्या कामगार वस्तीत त्या काळी करमणुकीची साधने दोन-तीनच. आखाडा, सणासुदीचे मेळे आणि मूकपट. मूकपटाला भाषेची अडचण नसल्याने हॉलिवूडचा नायक परळच्या पोरालाही आपलाच वाटत असे. या नायकांत डग्लस फेअरबँक्सचे स्थान सर्वांत वरचे. १९२४ साली आलेला त्याचा ‘द थीफ ऑफ बगदाद’ भारतात अतोनात गाजला. ‘द मार्क ऑफ झोरो’ आणि ‘रॉबिन हूड’मधल्या त्याच्या उड्या, तलवारबाजी आणि संकटातही न मावळणारे हसू यांनी इथले तरुण भारून गेले होते. आपल्याकडच्या मास्टर विठ्ठल यांना तर ‘भारताचे डग्लस फेअरबँक्स’ असेच बिरूद मिळाले होते. १९३१ मध्ये आलेल्या ‘आलम आरा’ या पहिल्या भारतीय बोलपटाचे नायकही हेच मास्टर विठ्ठल. पंधरा-सोळा वर्षांचा भगवान या वातावरणात वाढत होता. फेअरबँक्सला पडद्यावर पाहून घरी परतणे त्याला पुरेसे वाटेना. आपणही तशीच उडी मारावी, हे त्याच्या मनाने घेतले.

मूकपटांच्या अखेरच्या काळात त्याने चित्रपटात शिरकाव करून घेतला. रूप नायकाचे नव्हते. ठेंगणा, आडवा बांधा आणि गोल चेहरा. अंगात रग मात्र पुरेपूर होती आणि कोणतेही काम करण्याची तयारीही. मारामारीची दृश्ये दुसऱ्याकडून करवून घेणे त्यांना कधी रुचले नाही. पडायचे ते स्वतःच आणि मार खायचा तोही स्वतःच. अभिनयासोबत चित्रपट बनवण्याचे तंत्रही त्यांनी कामाच्या ओघातच शिकून घेतले. १९३८ मध्ये चंद्रराव कदम यांच्यासमवेत ‘बहादूर किसान’चे दिग्दर्शन करून ते दिग्दर्शक झाले. त्यानंतरचे दशकभर त्यांनी कमी खर्चाचे मारधाडपट एकामागून एक काढले.

त्या चित्रपटांकडे सुशिक्षित वर्ग नाके मुरडत असे. ‘प्रभात’ आणि ‘न्यू थिएटर्स’चे चित्रपट हे संस्कारांचे, तर स्टंटपट हे पिटातल्या, म्हणजे पडद्याला अगदी खेटून असलेल्या स्वस्त जागेवरच्या प्रेक्षकांचे, अशी सरळ वाटणी होती. भगवानदादांनी या वाटणीबद्दल कधी खंत बाळगल्याचे दिसत नाही. ते स्वतः त्याच जागांवरून चित्रपट पाहत मोठे झाले होते. कोणत्या क्षणी शिट्टी पडते आणि कोणत्या क्षणी प्रेक्षक खुर्ची सोडून उभा राहतो, हे त्यांना कुणी शिकवावे लागले नाही. परभणीसारख्या जिल्ह्याच्या गावी जत्रा-उरुसात ज्यांनी तंबूतला सिनेमा पाहिला आहे, त्यांना हा प्रेक्षक निराळा समजावून सांगण्याची गरज नाही. दिवसभर राबून आलेल्या माणसाला दोन घटका आपण बलवान असल्याचा भास देणे, हे काही लहान काम नव्हे.

हॉलिवूडचा चाहता त्यांच्यात कायम जागा होता. १९४१ मध्ये त्यांनी ‘वनमोहिनी’ हा तमिळ चित्रपट दिग्दर्शित केला. जंगलात वाढलेल्या मुलीची ही कथा. तिची नायिका थवमणी देवी हिचा पेहराव हॉलिवूडच्या डोरोथी लॅमोरची आठवण करून देणारा होता. मुंबईच्या कामगार वस्तीतला मराठी माणूस अमेरिकी जंगलपटाची तमिळ आवृत्ती काढतो, ही गोष्ट आजच्या बहुभाषिक निर्मितीच्या काळातही नवलाची वाटेल. याच काळात त्यांनी एका होतकरू मराठी संगीतकाराला हाताशी धरले. रामचंद्र नरहर चितळकर हे त्याचे नाव. ‘वनमोहिनी’ला संगीत त्याचेच होते. पुढे सी. रामचंद्र या नावाने ओळखल्या गेलेल्या या संगीतकाराचा हिंदीतला प्रवास १९४२ मध्ये भगवानदादांच्याच ‘सुखी जीवन’पासून सुरू झाला. या दोघांच्या दोस्तीने पुढे हिंदी चित्रसंगीताला एक वेगळेच वळण दिले.

१९४२ या वर्षाची दुसरी आठवण मात्र कडू आहे. ‘जंग-ए-आझादी’च्या चित्रीकरणात भगवानदादांना नायिका ललिता पवार यांच्या मुस्कटात मारायची होती. ते कसलेल्या मारामारीपटांचे नट, आणि हात जरुरीपेक्षा जोरात पडला. ललिताबाईंच्या चेहऱ्याला अर्धांगाचा झटका आला. उपचारांत वर्षे गेली आणि डावा डोळा कायमचा अधू झाला. आघाडीची नायिका म्हणून बहरात आलेली त्यांची कारकीर्द तिथे खुंटली. पुढे त्यांनी चरित्र अभिनेत्री म्हणून दुसरी आणि अधिक मोठी कारकीर्द घडवली. दूरदर्शनवरील ‘रामायण’ मालिकेतली त्यांची मंथरा घराघरांत पोहोचली. हे श्रेय सर्वस्वी त्यांच्या जिद्दीचे. मारामारी खरी वाटली पाहिजे या हट्टाची किंमत इथे दुसऱ्याच कुणी मोजली, हे भगवानदादांचे चरित्र लिहिताना टाळता येत नाही.

त्याच वर्षी ‘जागृती पिक्चर्स’च्या नावाने ते निर्माते झाले आणि १९४७ मध्ये त्यांनी चेंबूरला ‘जागृती स्टुडिओ’ उभारला. राज कपूर यांचा आर. के. स्टुडिओही काही काळाने याच उपनगरात उभा राहिला. मारधाडपटांच्या चौकटीतून बाहेर पडून एखादा सामाजिक चित्रपट काढावा, असे राज कपूर यांनीच त्यांना सुचवल्याचे सांगितले जाते. त्यातून १९५१ मध्ये ‘अलबेला’ आला.

‘अलबेला’चा नायक प्यारेलाल हा नट होण्याचे स्वप्न पाहणारा गरीब घरातला तरुण. बहिणीच्या लग्नाला पैसे उभे करता येत नाहीत म्हणून बाप त्याला घराबाहेर काढतो. पुढे तो रंगभूमीवर नाव कमावतो, पण घरी पाठवलेला पैसा घरच्यांच्या हाती पडतच नाही. कथा साधी, काहीशी भाबडी. तरीही ती लोकांना भिडली. पडद्यावरचा माणूस आपलेच काहीतरी सांगतो आहे, हे प्रेक्षकाला जाणवत होते. एरवी असा ठेंगणा, गोलमटोल नायक आणि त्याच्यासमोर गीता बालीसारखी चपळ, खट्याळ नायिका हे गणित कागदावर जुळले नसते. गीता बालीने मोकळ्या मनाने साथ दिली आणि ते पडद्यावर जुळले.

खरी करामत संगीताची. राजेंद्र कृष्ण यांची गीते, सी. रामचंद्र यांच्या चाली आणि लता मंगेशकरांसोबत स्वतः चितळकरांचा आवाज. ‘शोला जो भडके’मधल्या बोंगोच्या ठेक्याने आणि हवाई बेटांच्या धर्तीवरच्या वेशभूषेने श्रोते थक्क झाले. इथेही हॉलिवूडचा तो जुना चाहता डोकावतोच. मात्र त्यावरचा नाच अस्सल गिरणगावचा होता. हात छातीपाशी अर्धवट उचललेले, खांदे हलके डुलणारे, पावले जागच्या जागी सरकणारी आणि चेहऱ्यावर स्वतःवरच खूष असल्याचे हसू. नृत्य शिकलेल्याला ते कदाचित नृत्य वाटणार नाही. कोणालाही ते जमते, आणि नेमकी हीच त्याची ताकद ठरली. पुढे अमिताभ बच्चन यांच्या पडद्यावरील नाचात या लकबीची छाप अनेकांना दिसली. गोविंदासारख्या नटातही ती जाणकारांनी ओळखली.

१९५१ हे ‘आवारा’ आणि ‘बाजी’चेही वर्ष. त्यांच्या तोडीला ‘अलबेला’ चालला. भगवानदादा एकदम वरच्या रांगेत गेले. जुहूला समुद्राकाठी बंगला झाला, दारात मोटारी उभ्या राहिल्या. आठवड्याच्या सात दिवसांसाठी सात मोटारी होत्या, अशी आख्यायिका आजही सांगितली जाते.

घसरणही तितकीच वेगाने झाली. १९५३ मध्ये त्याच मंडळींना घेऊन काढलेला ‘झमेला’ ‘अलबेला’च्या जवळपासही पोहोचला नाही. १९५६ मध्ये किशोरकुमारला घेऊन ‘भागमभाग’ आला, त्याला संगीत ओ. पी. नय्यर यांचे होते. त्यानेही गाडी रुळावर आली नाही. १९६१ मध्ये तर जुन्या गाण्याचे शब्दच नाव म्हणून घेऊन ‘शोला जो भडके’ काढून पाहिला. १९६६च्या ‘ला-बेला’तही ‘अलबेला’चीच सावली होती. एकदा जे जमले ते पुन्हा जमवण्याच्या या धडपडीत स्टुडिओ, बंगला, मोटारी असे एकेक विकले गेले. व्यवहारी निर्माता दुसऱ्या अपयशानंतर थांबला असता. भगवानदादा व्यवहारी नव्हते, आणि असते तर ‘अलबेला’ही निघाला नसता.

मित्रही एकेक करून गेले. गीता बालीचा १९६५ मध्ये देवीच्या साथीने अकाली मृत्यू झाला. १९८२ मध्ये सी. रामचंद्र गेले. दरम्यान भगवानदादा दादरच्या चाळीत राहायला आले होते आणि मिळेल ती भूमिका करत होते. ‘झनक झनक पायल बाजे’ आणि ‘चोरी चोरी’मध्ये निदान लक्षात राहण्याजोगे काम होते. नंतरच्या वर्षांत बहुधा दोन-चार मिनिटे पडद्यावर यायचे, ती ठरलेली पावले टाकायची आणि निघून जायचे. अनेक चित्रपटांत तर तेवढ्यासाठीच त्यांना बोलावले जाई.

चित्रपटगृहातून उतरलेला ‘अलबेला’ मधल्या काळात घराघरांतल्या छोट्या पडद्यावर आला होता. मुंबई दूरदर्शनवरचे ‘छायागीत’ आणि राष्ट्रीय वाहिनीवरचे ‘चित्रहार’ यांमधून त्याची गाणी अशा मुलांपर्यंत पोहोचली, ज्यांच्या जन्माआधीच हा स्टुडिओ विकला गेला होता. ती नाचणारी जोडी त्यांना ठाऊक होती. हा नट आपल्याच शहरात चाळीत राहतो, हे मात्र फार थोड्यांना माहीत होते.

‘अलबेला’पूर्वीच्या त्यांच्या बहुतेक मारधाडपटांचा आज मागमूसही लागत नाही. गोदामाला लागलेल्या आगीत मूळ प्रती जळाल्या, असे सांगतात. पिटातल्या प्रेक्षकांनी ज्या भगवानवर जीव टाकला, तो उड्या मारणारा तरुण भगवान नंतरच्या पिढ्यांना जवळजवळ पाहायलाच मिळाला नाही. हे नुकसान फक्त एका नटापुरते नाही. कामगार वस्तीने काय पाहिले आणि कशावर टाळ्या वाजवल्या, याचा पुरावाच त्यासोबत गेला. मान्यवर कंपन्यांचे चित्रपट निदान काही प्रमाणात जपले गेले, स्टंटपटांना मात्र फारसा कुणी वाली नव्हता.

२०१६ मध्ये शेखर सरतांडेल यांनी ‘एक अलबेला’ हा मराठी चित्रपट त्यांच्या आयुष्यावर काढला. मंगेश देसाई यांनी भगवानदादा, तर विद्या बालन यांनी गीता बाली साकारली. त्यानिमित्ताने जुन्या आठवणी पुन्हा निघाल्या. त्यात एक आठवण दादरकर हटकून सांगतात. गणेश विसर्जनाची मिरवणूक भगवानदादांच्या घरापाशी आली, की बँडवाले थबकत आणि ‘अलबेला’ची गाणी वाजवू लागत. भगवानदादा खाली येऊन दोन पावले नाचेपर्यंत मिरवणूक पुढे सरकत नसे.