वाऱ्यावर विसंबलेला अभियंता : ओटो लिलिएंटाल

वर्षा-दोन वर्षांनी मुलाबाळांसह गावी जाताना विमानात बसणे आपल्यापैकी अनेकांच्या अंगवळणी पडले आहे. आपल्या मंडळींच्या घरांतील काही मुले-मुली वैमानिकाचे शिक्षणही घेतात. पंख, वारा आणि तोल यांचे जे धडे ती पहिल्याच महिन्यांत गिरवतात, त्यांतील काही धड्यांमागे एका माणसाचे सारे आयुष्य उभे आहे. त्याचे नाव ओटो लिलिएंटाल.

ओटोचा जन्म 23 मे 1848 रोजी प्रशियातील आंक्लाम या लहानशा गावी झाला. वडील कापडाचे व्यापारी होते. गणिताची त्यांना उपजत आवड होती. आईला संगीताचे अंग होते. आठ अपत्यांपैकी ओटो, त्याच्याहून वर्षाने लहान गुस्टाव्ह आणि बहीण मारी ही तिघेच जगली. 1861 मध्ये वडील वारले. घरची स्थिती ओढगस्तीची झाली, तरी आईने मुलांच्या शिक्षणात खंड पडू दिला नाही.

गावालगतच्या कुरणांत करकोचे उतरत. ते जड अंगाचे पक्षी नेहमी वाऱ्याकडे तोंड करूनच जमीन सोडतात, हे दोघा भावांनी हेरले. आजही प्रत्येक विमान शक्य तेवढे वाऱ्याला सामोरे जाऊनच उड्डाण करते, कारण समोरचा वारा पंखांना आयताच वेग देतो. 1862 च्या सुमारास या भावांनी लाकडी फळ्यांचे पंख केले आणि शाळासोबती हसतील या धास्तीने रात्रीच्या अंधारात मैदानावर त्यांची परीक्षा घेतली. अर्थात ते उडाले नाहीत. पण ध्यास मात्र कायमचा जडला.

पुढे बर्लिनच्या औद्योगिक विद्यालयात ओटोने यंत्रविद्येचे शिक्षण घेतले. 1870-71 च्या फ्रान्सविरुद्धच्या युद्धात सैनिक म्हणून सेवा केली आणि परत येताच भावाला हाताशी घेऊन पुन्हा पंखांचा विषय काढला. 1874 मध्ये दोघांनी घसरणाऱ्या वजनांच्या जोराने फिरणारी एक दांडी उभारली. तिच्या टोकांना निरनिराळ्या आकारांचे पंख बांधून हवा त्यांना किती उचलते आणि किती अडवते, हे ते मोजू लागले. सपाट पंखापेक्षा पक्ष्याच्या पंखासारखी किंचित बाक असलेली पृष्ठे कितीतरी सरस ठरतात, हे त्यांना आकड्यांनिशी दिसले.

दरम्यान लिलिएंटाल यांचा संसार मांडला गेला. 1878 मध्ये आग्नेस फिशर यांच्याशी विवाह झाला. चार मुले झाली. 1883 मध्ये त्यांनी स्वतःचा बाष्पित्रे व वाफेची इंजिने बनविण्याचा कारखाना काढला, आणि 1890 मध्ये नफ्यातील चौथा वाटा कामगारांना देण्याची पद्धत तेथे सुरू केली. उड्डाणाचा खर्च याच कारखान्याच्या कमाईतून चालला. पंधरा वर्षांच्या मोजमापांचे सार त्यांनी 1889 मध्ये पक्ष्यांच्या उड्डाणावरील ग्रंथात प्रसिद्ध केले.

कोणी दुसरा तेथेच थांबला असता. लिलिएंटाल थांबले नाहीत. हवेत तोल कसा सांभाळावा हे कागदावर शिकता येत नाही, अशी त्यांची धारणा होती. 1891 मध्ये पॉट्सडॅमजवळ डेर्विट्झ येथे ते सुमारे 25 मीटर तरंगले. 1893 पासून रिनोच्या टेकड्यांवरून हे अंतर वाढत वाढत 250 मीटरपर्यंत गेले. 1894 मध्ये लिश्टरफेल्डे येथील घराजवळ त्यांनी मातीची 15 मीटर उंच टेकडी रचून घेतली. तिचा आकार शंकूसारखा ठेवला, म्हणजे वारा कोठूनही येवो, त्याला सामोरे जाऊन धावता यावे. विलो झाडाच्या लवचिक फांद्या आणि सुती कापड यांचे त्यांचे यंत्र जेमतेम 20 किलोग्रॅमचे होते. त्याची छायाचित्रे जगभर गेली. माणूस हवेत तरंगू शकतो, याचा तो डोळ्यांना दिसणारा पुरावा होता.

मात्र या यंत्राला सुकाणू असे नव्हतेच. वैमानिक काखेतून लोंबकळे आणि पाय पुढे-मागे वा बाजूंना झोकून तोल सावरी. 9 ऑगस्ट 1896 रोजी, रविवारी, श्टोल्न जवळच्या गोलनबर्ग टेकडीवर ते गेले. उन्हाने जमीन तापली की ऊन हवेचे लोट वर उठतात. तशाच एका लोटाने यंत्राचे नाक वर उचलले असावे. नाक वर गेले की पंखाचा समोरून येणाऱ्या हवेशी असलेला कोन वाढतो. हा कोन एका मर्यादेपलीकडे गेला की हवा पंखाच्या पाठीला धरून वाहत नाही, ती सुटते आणि पंखाचा आधार एकाएकी जातो. वैमानिक यालाच स्टॉल म्हणतात. नाक खाली करून वेग परत मिळविणे हा त्यावरील उपाय. पण त्यासाठी खाली मोकळी उंची लागते. लिलिएंटाल यांनी शरीर पुढे झोकले. परंतु हाताशी उंची होती सुमारे 15 मीटर. मानेचा कणा मोडला. दुसऱ्या दिवशी बर्लिनमध्ये त्यांनी देह ठेवला. वय होते 48.

त्यांच्या मृत्यूच्या वार्तेने अमेरिकेत विल्बर व ऑर्व्हिल राइट या सायकलवाल्या भावांचे कुतूहल पुन्हा जागे केले. पाच वर्षांत सुमारे 2000 उड्डाणे करूनही लिलिएंटाल यांचा हवेतील एकूण काळ अवघा पाच तासांचा भरतो, असा हिशेब विल्बर यांनी मांडला. 1901 मध्ये स्वतःची यंत्रे अपेक्षेइतकी उचलली जाईनात, तेव्हा राइट बंधूंना लिलिएंटाल यांच्या कोष्टकांचा संशय आला. त्यांनी वाऱ्याचा बोगदा बांधून तपासले, तेव्हा दोष मुख्यतः त्या काळी सर्रास वापरल्या जाणाऱ्या हवेच्या दाबाच्या एका जुन्या गुणांकात निघाला. कोष्टके बव्हंशी बरोबर ठरली. शरीर झोकून तोल सांभाळणे मात्र त्यांनी सोडले आणि पंखांनाच पीळ देऊन यंत्र वळविण्याची युक्ती योजली. 17 डिसेंबर 1903 रोजी इंजिनाच्या बळावर त्यांचे विमान उडाले.

1988 मध्ये बर्लिनच्या टेगेल विमानतळाला लिलिएंटाल यांचे नाव देण्यात आले. तो विमानतळ 2020 मध्ये बंद झाला. लिश्टरफेल्डेची टेकडी मात्र स्मारक म्हणून जपलेली आहे. आज विद्यार्थी-वैमानिकाला शिक्षकाच्या देखरेखीखाली, भरपूर उंचीवर नेऊन, मुद्दाम स्टॉल घडवून त्यातून बाहेर पडायला शिकवितात. लिलिएंटाल यांना ना ती उंची लाभली, ना शिकविणारा कोणी. जो धडा गिरवून आपली मुले सुखरूप घरी परततात, तो त्यांनी एकट्याने वाचायला घेतला होता.