दुर्गचे घनश्यामसिंह गुप्त आणि ‘प्रचार’ हा शब्द

भिलाईला देश पोलादाचे शहर म्हणून ओळखतो. पण कारखान्याची पहिली भट्टी पेटण्यापूर्वी हा मुलूख दुर्गचा म्हणूनच ठाऊक होता, आणि दुर्गचे नाव दिल्ली-नागपूरपर्यंत नेले ते घनश्यामसिंह गुप्त यांनी. धर्मस्वातंत्र्य आणि अभिव्यक्तिस्वातंत्र्य यांवर आज जो वाद चालू आहे, त्याच्या दोन्ही बाजू या एकाच माणसाच्या आयुष्यात आढळतात. त्यामुळे त्यांचे चरित्र मला एखाद्या न्यायनिर्णयापेक्षा अधिक बोधक वाटते.

२२ डिसेंबर १८८५ रोजी दुर्गला त्यांचा जन्म झाला. जबलपूरला विज्ञान, अलाहाबादला कायदा, मग वकिली, आर्य समाज आणि काँग्रेस असा त्यांचा प्रवास त्या पिढीला साजेसाच होता. १९३७ मध्ये ते मध्यप्रांत-वऱ्हाड विधानसभेचे अध्यक्ष झाले आणि नागपूरचे ते आसन १९५२ पर्यंत त्यांच्याकडेच राहिले.

याच काळात ते आर्य समाजाच्या सार्वदेशिक सभेचेही प्रधान होते. निजामाच्या राज्यात नवे मंदिर, यज्ञकुंड किंवा बाहेरचा उपदेशक यांसाठी सरकारी परवानगी लागे. धर्मव्यवहाराचे एक स्वतंत्र खातेच त्यावर नजर ठेवून असे. मराठवाड्यातील वाचकांना ही हकिगत घरच्या वडीलधाऱ्यांकडून ठाऊक असेल. डिसेंबर १९३८ मध्ये सोलापूरला लोकनायक बापूजी अणे यांच्या अध्यक्षतेखाली आर्य परिषद भरली आणि पुढील वर्षी सत्याग्रह झाला. हजारो लोक तुरुंगात गेले. ऑगस्ट १९३९ मध्ये निजाम सरकारच्या सुधारणांनंतर तो थांबवण्यात आला. विधानसभेच्या अध्यक्षाने शेजारच्या संस्थानाविरुद्धच्या सत्याग्रही संघटनेचे प्रमुखपद सांभाळावे, हे आज कोणत्याही सचिवालयाला पचणार नाही!

पुढे १९४४ मध्ये सिंध सरकारने ‘सत्यार्थप्रकाश’च्या छपाईवर अट घातली: इस्लामवर टीका असलेला चौदावा समुल्लास वगळल्याशिवाय ग्रंथ छापता येणार नाही. युद्धकाळातील भारत संरक्षण नियमांचा त्यासाठी आधार घेतला गेला. आर्य समाजाने याला कसून विरोध केला. ग्रंथ कोणाला बोचतो, यावरून त्याच्या छपाईचा हक्क ठरू नये, ही त्या विरोधामागील भूमिका होती.

संविधान सभेत धर्मस्वातंत्र्याच्या कलमातील ‘प्रचार’ हा शब्द वगळावा, असा आग्रह काही सदस्यांनी धरला होता. ६ डिसेंबर १९४८ रोजी तो शब्द कायम ठेवून कलम मंजूर झाले. तेच आजचे २५ वे कलम. गुप्त या सभेचे सदस्य होतेच, शिवाय संविधानाच्या हिंदी अनुवादाच्या तज्ज्ञ समितीचे अध्यक्षही होते. राहुल सांकृत्यायन आणि सुनीतिकुमार चटर्जी यांच्यासारखे विद्वान या समितीत होते. २४ जानेवारी १९५० रोजी सदस्यांनी इंग्रजी प्रतीबरोबर हिंदी प्रतीवरही सह्या केल्या. इंग्रजी मूळ शब्दाला हिंदीने ‘प्रचार’ घेतला. मराठी संविधानात ‘प्रसार’ आहे. मला मराठी शब्द अधिक सौम्य वाटतो, पण तो विषय निराळा.

१९५४ मध्ये मध्यप्रदेश सरकारने ख्रिस्ती मिशनऱ्यांच्या कार्याची चौकशी करण्यासाठी नागपूर उच्च न्यायालयाचे निवृत्त मुख्य न्यायाधीश भवानीशंकर नियोगी यांची समिती नेमली. गुप्त तिचे सदस्य होते. १९५६ च्या अहवालातील एका शिफारशीपाशी मी प्रत्येक वेळी थबकतो. धर्मप्रचाराचे साहित्य राज्य सरकारच्या मान्यतेशिवाय वाटू देऊ नये, असे तीत सुचवले होते. निजामाच्या परवान्याविरुद्ध आणि सिंधच्या छपाईबंदीविरुद्ध ज्यांची संघटना लढली, त्यांचेच नाव या अहवालावर आहे. परकीय पैसा व आदिवासींचे अज्ञान ही समितीची चिंता खोटी नव्हती, हे मान्य करूनही मी म्हणेन की परवाना निजामाचा असो की लोकनियुक्त सरकारचा, तो देणारा कारकून एकाच जातीचा असतो. मी स्वतः त्याच व्यवस्थेत आयुष्य घालवले आहे. (समितीचे अध्यक्ष नियोगी यांनी त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये नागपूरला डॉ. आंबेडकरांबरोबर बौद्ध धम्म स्वीकारला, हेही नोंदवण्यासारखे आहे.)

१९५७ मध्ये, सत्तरी ओलांडलेले गुप्त पंजाबातील हिंदी रक्षा आंदोलनात पुन्हा पुढे होते. तिथे शाळेत गुरुमुखीची सक्ती नको, ही मागणी होती. म्हणजे पुन्हा सक्तीला विरोध.

नियोगी अहवालाची छाया असलेला मध्यप्रदेशचा धर्मस्वातंत्र्य कायदा १९६८ मध्ये आला. धर्मांतर करवणाऱ्याने जिल्हादंडाधिकाऱ्याला कळवावे, अशी तरतूद त्यात होती. २००० मध्ये छत्तीसगड वेगळे झाले तेव्हा तो कायदाही वाटणीत आला. रायपूर जिल्ह्यातील स्टॅनिस्लॉस या पाद्रीच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी १९७७ मध्ये निर्णय दिला की आपल्या धर्माची तत्त्वे सांगण्याचा अधिकार म्हणजे दुसऱ्याचे धर्मांतर करण्याचा अधिकार नव्हे. त्यासाठी इंग्रजी शब्दाचा अर्थ कोशांतून पाहिला गेला. गुप्त यांचे निधन १३ जून १९७६ रोजी, सात महिने आधीच झाले होते. आणि हिंदी संविधानाला अधिकृत पाठाचे स्थान मिळाले ते १९८७ च्या ५८ व्या घटनादुरुस्तीने.